कामाची गोळी

माझ्या मायच्या पोटात दोनदा दुर्बीण घातली. पहिल्या वेळी डॉक्टरांनी विचारलेल्या एका साध्या प्रश्नाला आम्ही माय-लेकांनी मिळून चुकीचं उत्तर दिलं. दोघांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं. हे मी मन हलकं व्हावं म्हणून लिहीत नाही. मन हलकं करायच्या गोळ्या माझ्या दुकानात आहेत, खपतातही बऱ्या. मी त्या घेत नाही.

कडा या आमच्या गावात स्टँडच्या रस्त्याला माझं मेडिकल आहे. माझं फार्मसीचं शिक्षण ऊसतोडीवर झालं. दरवर्षी दिवाळी उरकली की आबा आणि माय टोळीबरोबर पश्चिमेकडच्या कारखान्यांना जायचे आणि मी गावातल्या हंगामी वसतिगृहात खिचडी खात राहायचो. आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यानं ऊस तोडायचा, तिनं मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. एकानं अंग टाकलं की कोयता मोडला. म्हणून कुणी अंग टाकत नाही.

मेडिकल टाकलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत दोघांना सांगितलं की आता ऊस बंद. माय म्हणाली, "तुझ्या दुकानावर तुझा संसार चालू दे. आमचं हातपाय हायत तवर आमी जातो. घरात बसून काय भिताडाकडं बघायचं?" मी दोन दिवस रुसलो आणि मग गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. नवं दुकान, नवं लग्न. आई-बाप सहा महिने बाहेर असले तर कुठल्या लेकाचं बिघडतं?

दसरा जवळ आला की टोळीची तयारी सुरू होते. पिठाची पोती, चटणीचे डबे, ताडपत्री, दोर, बॅटऱ्या. आणि एक वस्तू माझ्या दुकानातून जायची: हजार गोळ्यांचा पांढरा प्लॅस्टिकचा डबा. आत शेंदरी रंगाच्या, हरभऱ्याएवढ्या अंगदुखीच्या गोळ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या द्यायच्या नसतात, हे माझ्या परवान्याच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असावं. मी पुढची बाजू काचेच्या चौकटीत लावली आहे. टोळीचा मुकादम यायचा, काउंटरवर कोपर टेकून म्हणायचा, "एक डबा दे बे, कामाच्या गोळ्यांचा." मी द्यायचो. मी नाही दिला तर समोरचा देईल, हे वाक्य मेडिकलच्या धंद्यात येणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात शिकतो.

अंगदुखीची गोळी असं तिला टोळीत कुणीच म्हणत नाही. पहाटे अंधारात चूल पेटते, कोरा चहा होतो, आणि मुकादमाची बायको डबा घेऊन पाचटाच्या झोपड्यांपुढून, कोपीकोपीपुढून फिरते. प्रत्येकाच्या हातावर एक गोळी. चहाच्या घोटाबरोबर ती गिळायची, कोयता घ्यायचा आणि फडात शिरायचं. पोटात अन्नाचा कण नसतो. भाकर होते उन्हं वर आल्यावर. अंग दुखायला लागल्यावर गोळी घेणं हा तिथं वेडेपणा समजला जातो, कारण दुखायला लागलं की दिवस गेला. दुखायच्या आधीच घेतली की दुखत नाही. वसतिगृहात भरती होण्याआधीच्या वर्षांत मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि शिकून शहाणा झाल्यावर सोयीनं विसरलो होतो.

त्या वर्षी गुढीपाडव्यानंतर माय परत आली ती निम्मी होऊन. गालफडं बसलेली. जेवण समोर आलं की ती ताट सरकवायची आणि दोन घास खाऊन छातीखाली मूठ दाबून बसायची. "काई न्हाई, पित्त हाय," म्हणायची. आमच्या भागात पोटाच्या सगळ्या दुखण्यांना पित्त हे एकच नाव आहे, आणि त्यावर गुलाबी औषधाची बाटली हा एकच इलाज. तो इलाज मी स्वतः महिनाभर केला. घरचं दुकान, मग डॉक्टर कशाला? आईला बाटलीमागून बाटली पाजत मी स्वतःला श्रावणबाळ समजत होतो.

एका दुपारी ती ओकली ते थांबेचना. तेव्हा तिला गाडीत घालून नगरला नेलं. पोटाचे डॉक्टर, एसी खोली, भिंतीवर जठराचं रंगीत चित्र. डॉक्टर वयानं माझ्याएवढेच. त्यांनी आवाज मऊ करून विचारलं, "आजी, कधीपासून दुखतंय?"

माझ्या मायनं पन्नाशी गाठली नव्हती. पण ऊस तोडणारीला 'ताई' म्हणावं असा चेहरा तिशीनंतर उरत नाही. डॉक्टरांचा दोष नाही.

घशात कडू फवारा मारला, दातांत प्लॅस्टिकची कडी बसवली आणि ती काळी नळी आत गेली. मला पडद्यासमोर उभं राहू दिलं, कारण मी मेडिकलवाला, म्हणजे जवळजवळ त्यांच्यातलाच. पडद्यावर माझ्या मायचा कोठा गुलाबी, ओला, चकाकत होता. आणि जठराच्या खालच्या तोंडाशी एक खड्डा. तळाला पांढरट साय, कडेला लाल सूज. "अल्सर," डॉक्टर म्हणाले. चिमट्यानं कडेचा बारीक तुकडा घेऊन तो त्यांनी पिवळ्या औषधाच्या छोट्या खळग्यात टाकला. जंतूमुळे व्रण झाला असेल तर तो रंग गुलाबी होतो, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी मान डोलावली, जसं काही हे मला माहीतच होतं.

रंग पिवळाच राहिला.

मग तो प्रश्न आला. डॉक्टरांनी खुर्ची पुढे घेतली आणि नीट, सावकाश विचारलं. त्यांनी कसूर केली असं मी म्हणणार नाही.

"आजी, कुठल्या गोळ्या-औषधं चालू आहेत?"

"कंच्याच न्हाईत."

"बीपीची, शुगरची?"

"न्हाई."

"गुडघे, कंबर, पाठ दुखते म्हणून काही घेता?"

"माझं काई दुखत न्हाई," माय म्हणाली. ती हे अभिमानानं म्हणाली. तिच्या टोळीत काही दुखत नसलेली ती एकटीच नव्हती, पण तिला तसंच वाटत असावं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, परवानाधारक, चौकटीत फोटो लावलेला मी, म्हणालो, "साहेब, माझं स्वतःचं मेडिकल आहे. आमच्या घरात फालतू गोळी मी येऊच देत नाही."

डॉक्टर हसले. बरं झालं म्हणाले. मग कारण सापडलं नाही की जी नेहमीची पथ्यं असतात ती त्यांनी कागदावर उतरवली: तिखट कमी, मिश्री बंद, चिंता करू नये, वेळेवर जेवण. वेळेवर जेवण या शब्दांवर मायनं माझ्याकडे बघून भुवई उचलली. आठ आठवडे आम्ल कमी करणारी गोळी, सकाळी उठल्याउठल्या, उपाशीपोटी. ही गोळी मी माझ्या हातानं तिला द्यायचो आणि माय ती शिस्तीत घ्यायची. उपाशीपोटी गोळी घ्यायची तिला सवयच होती. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा तपासायला गेलो तोवर तिचं वजन परत आलं होतं. ती भाकरीबरोबर ठेचा मागायला लागली होती. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, ते म्हणाले, जखम भरली असणार, पुन्हा दुर्बिणीचा त्रास कशाला? आम्हीही तेच म्हणालो. मी गावात सांगत सुटलो की वेळेवर निदान झालं म्हणून वाचली, आणि निदान वेळेवर कुणी करवलं हे ऐकणाऱ्यानं समजून घ्यावं म्हणून जरा थांबायचो. तिची जखम भरून आली ती माझ्या गोळीनं, हे खरंच होतं. पण ते उन्हाळ्यात-पावसाळ्यात ती घरी होती आणि पहाटे तिच्या हातावर कुणी काही ठेवत नव्हतं, म्हणूनही होतं. हा दुसरा अर्धा हिशेब मला कुणी शिकवला नव्हता.

दसऱ्याला मुकादम आला. काउंटरवर कोपर टेकलं. मी डबा दिला.

दिवाळीनंतर माय पुन्हा उसाला निघाली. या वेळी मी भांडलो, आरडाओरडा केला, बायकोलाही मध्ये घातलं. आबा म्हणाले, "मुकादमाकडनं उचल घेतलीय. शब्द दिलाय. आता कोयता कसा मोडायचा?" माय म्हणाली, "डॉक्टर म्हनला ना बरं झालंय म्हून? मग कावून अडवतूस?" मी तिच्या पिशवीत पोटाच्या गोळ्यांची दहा पाकिटं भरली. पंधरा दिवस घेऊन तिनं ती बंद केली, हे मला नंतर कळलं. पोट दुखत नव्हतं, मग पोटाची गोळी कशाला खायची? औषध आजाऱ्यानं घ्यायचं असतं, हे तिचं सरळ गणित.

पौषात फोन आला. आबांचा आवाज एरवी इतका मोठा असतो की फोन कानापासून लांब धरावा लागतो. त्या दिवशी तो ऐकू येत नव्हता. माय डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढताना खाली आली होती. उठवायला गेलेल्या बायांना वाटलं पाय घसरला. पण ती पांढरीफटक पडली होती. चार दिवसांपासून शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, हे तिनं एका बाईला सांगितलं होतं आणि त्या बाईनं तिला कुणी करणी केली का बघ म्हणून सांगितलं होतं. डांबरासारखं काळं म्हणजे आत रक्त वाहतंय. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्याला मार्कही मिळाले होते. मी आबांना म्हणालो, कुठं थांबू नका, जीप करून थेट नगरला या.

ती मला हॉस्पिटलच्या दारात दिसली तेव्हा तिचे ओठ आणि कपाळ एकाच रंगाचे होते. रक्ताच्या पिशव्या लागल्या. पुन्हा तीच नळी आत गेली. पडद्यावर या वेळी गुलाबी काही नव्हतं, सगळं लालकाळं. पाण्यानं धुऊन धुऊन डॉक्टरांनी जागा शोधली, सुई दिली, आणि वाहणाऱ्या तोंडावर एक बारीक चाप लावला. मी भिंतीला टेकून उभा होतो. या खेपेला मान डोलावली नाही.

बाहेर येऊन डॉक्टरांनी हातमोजे काढले. ते चिडलेले होते, आणि त्यांना चिडलेलं पाहून मला का कोण जाणे बरं वाटलं. त्यांनी मला विचारलंच नाही. आबांना विचारलं.

"बाबा, तिकडं आजी दिवसभरात काय काय खात होत्या? सकाळी उठल्यापासून सांगा."

आबा टोपी हातात धरून उभे होते. ते म्हणाले, "काय खानार साहेब? आमी खातो त्येच. सकाळी चहा, गोळी. मंग भाकर, चटनी. सांजच्याला पुन्हा भाकर."

"कसली गोळी?"

"कामाची."

डॉक्टर काही बोलायच्या आधीच आबांनी कमरेची चंची सोडली. तंबाखू, चुन्याची डबी, आणि त्यामागे कागदाची घडी. घडी उलगडली. चार शेंदरी गोळ्या. त्यांनी त्या डॉक्टरांच्या हातावर अशा ठेवल्या की जणू प्रसादच. डॉक्टरांनी एक उचलली, उजेडाकडे धरली. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमचं मेडिकल आहे ना?" ते म्हणाले.

एवढंच. त्यांना एवढंच माहीत होतं. त्या गोळ्या कुठून आल्या ते त्यांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. ते तावातावानं मला समजावू लागले की या गोळ्या रिकाम्या पोटी रोज घेतल्या तर जठराचं अस्तर जाळतात, आणि वर त्या दुखणंही दाबतात, त्यामुळे व्रण रक्त यायला लागेपर्यंत बोंबलत नाही. मी "हो साहेब, हो साहेब" करत राहिलो. दुसऱ्याची आई असती तर मीही असाच तावातावानं समजावलं असतं.

माझी लाज मला त्या दिवशी पूर्ण कळली नव्हती. ती कळली तिसऱ्या दिवशी.

मायला जरा तरतरी आली होती. चमच्यानं गार दूध पीत होती. मी तिच्यावर राग काढला. बाईमाणसानं जीव वाचवून यावा आणि लेकानं तिला पहिला प्रश्न असा विचारावा, पण मी विचारला. "डॉक्टरांनी इतकं खोदून विचारलं होतं तवा कावून सांगितलं न्हाईस?"

ती खरोखरच गोंधळली. "त्यानं औषधाचं इचारलं. मी कुठं औषध घेत व्हते?"

"आणि ही गोळी?"

"ती व्हय? ती समदेच खात्यात." मग तिला वाटलं मी उगाच घाबरलो आहे, म्हणून माझी समजूत घालायला लागली. म्हणाली, "आधी त्या दुसऱ्या दुकानाची यायची तवा एकच खायची मी. भ्याव वाटायचं, काय अस्तंय, काय न्हाई. पन तू डबा द्यायला लागलास तवापसून दोन मागून खाती. तुझ्या दुकानातली हाय म्हनल्यावर भ्याव कशाचं? बायान्लाबी सांगती, खा, माझ्या लेकाचं दुकान हाय, वंगाळ न्हाई द्यायचा."

मी तिच्या हातातला चमचा घेतला आणि उरलेलं दूध तिला पाजलं. दुसरं काय करणार होतो? शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, किती गुणाचं पोरगं. त्या बाईला मी अजून माफ केलेलं नाही.

माय वाचली. पुन्हा उसाला गेली नाही, कारण नेण्यासारखी राहिली नाही. कोयता मोडला. आबा आता गावातच दुसऱ्याच्या शेतावर पाणी धरतात. मी काउंटरवर येणाऱ्याला आता गोळ्या चालू आहेत का असं विचारत नाही. सकाळी चहाबरोबर काय खाता असं विचारतो, आणि मग लोक अशा अशा गोष्टी सांगतात की गोळी देता देता हात थांबतो. हे शहाणपण मला फुकट मिळालं. किंमत दुसरीनं मोजली.

आणि यंदा पुन्हा दसऱ्याच्या आधी मुकादम आला. माय दुपारची दुकानात येऊन बसते, पंख्याखाली, औषधांच्या खोक्यांना टेकून. मुकादमानं तिला रामराम केला, तब्येत विचारली आणि काउंटरवर कोपर टेकलं.

"एक डबा दे बे."

"नाही मिळणार," मी म्हणालो. "चिठ्ठी आणा. नाहीतर नाही."

तो हसला. त्याला राग आला नाही. राग यायला त्याचं काही अडलंच नव्हतं. रस्ता ओलांडून तो समोरच्या मेडिकलात गेला. काचेतून मला दिसलं, पांढरा डबा खाली आला, पिशवीत गेला. चहा गार व्हायलाही इतका वेळ लागत नाही.

मला वाटलं होतं, माय काहीतरी म्हणेल. निदान मान हलवेल. डॉक्टरांनी तिला तीन वेळा बजावलं होतं, मी तीनशे वेळा. तिला आता ठाऊक होतं त्या गोळीनं तिचं काय केलं. ती रस्त्याच्या पलीकडून माझ्याकडे वळली, आणि लहानपणी शाळा बुडवल्यावर बघायची तशी तिनं माझ्याकडे पाहिलं.

"त्याला कावून परत धाडलंस रं?" ती म्हणाली. "आता त्या बायान्ला त्या दुकानाची खावी लागंल. आपली चांगली व्हती."